गुलामगिरी चालवून घेणारा देव न्यायी कसा मानायचा?

पारावरचा_वाचक
बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या २०व्या अध्यायात दहा आज्ञा येतात. खून करू नको, चोरी करू नको, खोटी साक्ष देऊ नको. त्या सगळ्यांना माहीत असतात. लगेच पुढचा २१वा अध्याय मात्र फारसा कुणी वाचून दाखवत नाही. तो सुरूच होतो गुलाम विकत घेण्याच्या नियमांनी. इब्री, म्हणजे आपल्याच इस्राएली लोकांतला, गुलाम असेल तर सहा वर्षं राबवा, सातव्या वर्षी काही न घेता सोडा. काठीने मारताना गुलाम जागीच मेला तर मालकाला शिक्षा. एक-दोन दिवस तग धरला तर शिक्षा नाही, कारण तो मालकाचाच पैसा आहे. बायबलमधल्याच लेवीय या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात परक्यांबद्दल आणखी स्पष्ट लिहिलंय: आसपासच्या राष्ट्रांतून दास-दासी विकत घ्या, मुलाबाळांना वारशात द्या, ते कायमचे तुमचे.

हे कुणा राजाने लिहिलं असतं तर मी इतिहास म्हणून वाचून पुढे गेलो असतो. पण इथे बोलणारा देव आहे. तो सर्वज्ञ आहे, न्यायी आहे, काळानुसार बदलत नाही असा दावा आहे. त्यामुळे "त्या काळी सगळीकडे असंच होतं" हे उत्तर मला पुरत नाही. याच देवाने डुकराचं मांस बंद केलं. लोकर आणि ताग एकत्र विणलेलं कापड बंद केलं. शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या, दिवशी लाकडं गोळा करणाऱ्याला दगडांनी ठार मारायला लावलं (बायबलमधलं गणना हे पुस्तक, १५वा अध्याय). लोकांच्या सवयी मोडायला तो कुठेच कचरत नाही. मग माणसाने माणूस विकत घेऊ नये, एवढी एक आज्ञा का नाही?

श्रद्धा असलेल्यांनी आणि नसलेल्यांनीही लिहा. एकमेकांचे धर्म झोडपायला मात्र हा धागा वापरू नका.

चाफेकळी
वाचतेय. धागा शंभरी गाठणार, चहा ठेवते.

दगडी_वेस
तुलना आजच्या राज्यघटनेशी करून चालणार नाही, त्या काळच्या शेजाऱ्यांशी करायला हवी. बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यांच्या संहितेत पळालेला गुलाम घरात लपवला तर घरमालकाला देहदंड होता. उलट बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या २३व्या अध्यायात म्हटलंय की मालकाकडून पळून तुझ्याकडे आलेल्या गुलामाला परत देऊ नको, त्याला आवडेल त्या गावात राहू दे, त्याचा छळ करू नको. निर्गम २१मध्येच आहे की मालकाने गुलामाचा डोळा फोडला किंवा दात पाडला तर त्या बदल्यात तो मोकळा. माणूस पळवून विकणाऱ्याला देहदंड. शब्बाथाची सुट्टी गुलामालाही. ही पावलं लहान नाहीत.

पारावरचा_वाचक
@दगडी_वेस, पळालेल्या गुलामाचा नियम खरंच मोठा आहे, मान्य. पण हम्मुराबीकडे कर्जापायी दिलेली बायको-मुलं तीन वर्षं राबून चौथ्या वर्षी सुटत. इथे सहा वर्षं. आणि शेजाऱ्यापेक्षा बरा कायदा केला ही शाबासकी राजाला शोभते. देवाला ती देऊन आपण त्याला कितीसं मोठं करतो?

जुनी_वाडी
मी नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळीतला. आमच्या घराण्यात पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला. गावात ज्यांना विहिरीवर चढू देत नव्हते त्यांतले ते. त्यांना या पुस्तकातलं सगळ्यात आधी काय भिडलं असेल, तर मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, फारो राजाचे गुलाम होऊन विटा थापणाऱ्या इस्राएली लोकांचा आक्रोश देवाने ऐकला ही गोष्ट. आजी सांगायची की म्हातारपणी डोळे गेल्यावरही ते हाच भाग वाचून घ्यायचे. म्हणून हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकी नाही.

मला जे समजलंय ते सांगतो. मत्तयच्या १९व्या अध्यायात येशूला घटस्फोटाबद्दल विचारतात. नियमशास्त्र देणाऱ्या मोशेने तर परवानगी दिली होती, मग तू का नको म्हणतोस? तो म्हणतो, तुमच्या मनाच्या कठोरपणामुळे मोशेने तुम्हाला ती मुभा दिली, पण सुरुवातीपासून असं नव्हतं. म्हणजे नियमशास्त्रातली प्रत्येक मुभा ही देवाची इच्छा नव्हे, हे खुद्द येशू सांगतो. गुलामगिरीचे नियम मी त्याच नजरेने वाचतो. येशूचा प्रेषित पौल फिलेमोनला पत्र लिहितो तेव्हा त्याचा गुलाम अनेसिम याला गुलाम म्हणून नको, प्रिय भाऊ म्हणून स्वीकार, असं म्हणतो. गुलामगिरी बंद करा असं तो लिहीत नाही, हे मला दिसतं. पण भाऊ म्हणून जेवायला बसवलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी बाजारात विकता येत नाही.

ओवी
@जुनी_वाडी, तुमचा प्रतिसाद आवडला. पण मला निर्गम २१मधल्या चौथ्या ओळीवर थांबायचं आहे, कारण तिथे मी दर वेळी अडते.

मालकानेच गुलामाला बायको दिली आणि तिला मुलं झाली, तर सातव्या वर्षी तो एकटाच बाहेर पडेल. बायको आणि मुलं मालकाची. पुढचा नियम असा की, "माझं माझ्या धन्यावर, बायकोवर, मुलांवर प्रेम आहे, मी मोकळा होऊन जाणार नाही" असं तो म्हणाला, तर मालकाने त्याला दाराच्या चौकटीशी न्यावं, आरीने कान टोचावा, मग तो कायमचा त्याचा दास.

हा मुक्तीचा कायदा म्हणून शिकवतात. मला यात मुक्ती दिसत नाही. सहा वर्षं संपलेल्या माणसापुढे दोन वाटा आहेत: पोरांना सोडून मोकळं व्हायचं किंवा पोरांसाठी आयुष्यभर गुलाम राहायचं. आणि त्या बाईला तर कुणी विचारलेलंही नाही. तिला सहा वर्षांची मुदतही नाही. कायद्याने तिच्या नवऱ्याची माया हीच मालकाच्या हातातली दोरी केली. मारहाणीच्या नियमापेक्षाही मला हा नियम जास्त क्रूर वाटतो, कारण तो थंड डोक्याने घर मोडतो. सातव्या ओळीत बापाने मुलगी दासी म्हणून विकली तर ती पुरुष दासांसारखी सुटणार नाही, असंही आहे.

आता गंमत बघा. अनुवादच्या १५व्या अध्यायात हाच कायदा पुन्हा येतो तेव्हा इब्री बाईसुद्धा सातव्या वर्षी सुटते, आणि सोडताना रिकाम्या हाताने पाठवू नका, कळपातलं, खळ्यातलं, द्राक्षकुंडातलं द्या, असं बजावलेलं आहे. बायको-मुलं ठेवून घ्यायची ओळ तिथे नाहीच. म्हणजे कुणाला तरी आधीचा कायदा खटकला होता! मला त्या कुणाबद्दल फार आदर वाटतो. पण तो देव होता की अन्याय बघून अस्वस्थ झालेला माणूस?

दगडी_वेस
@ओवी, बाईचा मुद्दा मी याआधी कुठेच वाचला नव्हता. यावर माझ्याकडे बचाव नाही.

रेवदंड्याची_आत्या
आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, तेव्हा हे पुस्तक आमच्या घरचंच. दर वल्हांडण सणाला आम्ही म्हणतो की आम्ही मिसरात फारोचे दास होतो. पूर्वजच नव्हेत, आम्ही. ते म्हटल्याशिवाय जेवण होत नाही.

ओवीबाई, कान टोचण्यावर आमच्या रब्बींनी, म्हणजे धर्मपंडितांनीही खल केलाय. योहानान बेन झक्काई विचारतात, सगळ्या शरीरात कानच का टोचायचा? आणि सांगतात: "इस्राएलचे लोक माझे दास आहेत" हे ज्या कानाने सीनाय पर्वतावर ऐकलं, त्याच कानाने जाऊन दुसरा धनी करून घेतला, म्हणून तो टोचा. म्हणजे गुलाम राहणं हाच गुन्हा ठरवला. तालमूद या आमच्या धर्मचर्चेच्या ग्रंथात असंही आहे की जो इब्री दास विकत घेतो तो स्वतःसाठी धनी विकत घेतो. कारण तू चांगली भाकरी खाल्लीस आणि त्याला जाडीभरडी दिलीस, तू मऊ अंथरुणावर आणि तो पेंढ्यावर, हे चालणार नाही. आमच्या लोकांनी वचन खोडलं नाही, पण त्याच्याभोवती इतकी कुंपणं घातली की मालकाला हलता येऊ नये.

परक्या दासांचं काय, असं तुम्ही विचाराल. तिथे मी गप्प होते. बाराव्या शतकात आमचे धर्मपंडित मायमोनिदीस लिहितात की परक्या दासाला सक्तीने राबवायला कायद्याची हरकत नाही, पण शहाणपण आणि धर्मशीलता यात आहे की त्याला अपमानाचा शब्दही बोलू नये. कायदा काय देतो आणि चांगल्या माणसाने काय करावं, यातलं अंतर त्यांना दिसत होतं.

सरळमार्गी
म्हणूनच मी म्हणतो की आपल्याकडे हा प्रकार नव्हताच. चंद्रगुप्ताच्या दरबारी आलेल्या मेगस्थनीजने स्पष्ट लिहून ठेवलंय की हिंदुस्थानात कुणीही गुलाम नाही.

पुण्याची_पायवाट
@सरळमार्गी, मेगस्थनीजच्या नावावर तसं सांगितलं जातं खरं. पण त्याच चंद्रगुप्ताचा नातू अशोक आपल्या नवव्या शिलालेखात दासांशी आणि नोकरांशी नीट वागा असं सांगतो. त्या लेखाचा तुकडा आपल्या नालासोपाऱ्याला सापडलाय. दास नसते तर राजाने दगडावर कशाला कोरलं असतं?

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात दासांचे सात प्रकार मोजलेत: युद्धात पकडलेला, जेवणासाठी दास झालेला, घरात जन्मलेला, विकत घेतलेला, दान मिळालेला, वडिलोपार्जित आणि दंडापायी झालेला. नारदस्मृती पंधरा प्रकार देते. याज्ञवल्क्य म्हणतो की दास्य वर्णांच्या उतरत्या क्रमानेच असावं, उलट नको. म्हणजे वरच्याने खालच्याचा दास व्हायचं नाही, खालच्याने वरच्याचा व्हायचं.

आणि या धाग्याच्या प्रश्नाशी थेट भिडणारं मनूचं वचन म्हणजे आठव्या अध्यायातलं ४१३-४१४. शूद्र विकत घेतलेला असो वा नसो, त्याच्याकडून दास्य करवून घ्यावं, कारण स्वयंभूने त्याला त्यासाठीच निर्माण केलंय. मालकाने सोडलं तरी तो दास्यातून सुटत नाही, कारण ते त्याच्या स्वभावातच आहे. निर्गमात निदान सातवं वर्ष आहे. इथे निर्मात्याचंच नाव घेऊन दार कायमचं लावलंय. पेशवाईतल्या कागदांत कुणबिणींची, म्हणजे दासींची, खरेदी-विक्री येते, ती काही आकाशातून पडली नव्हती.

सरळमार्गी
नारदस्मृतीत सुटकेचा विधीही आहे, तो सांगायचा राहिला तुमचा.

पुण्याची_पायवाट
आहे, आणि सुंदर आहे. दासाच्या खांद्यावरची घागर घेऊन मालकाने फोडायची, अक्षता-फुलं घातलेलं पाणी त्याच्या डोक्यावर शिंपडायचं आणि तीनदा "तू अदास" असं म्हणायचं. मालकाचा जीव वाचवणाऱ्या दासाला तर मुक्ती आणि मुलासारखा वाटाही. हेही आपलंच आणि मनूही आपलाच. दोन्ही वाचायला हवेत, एवढंच म्हणणं.

चाफेकळी
द्रौपदीचं कुणीच कसं काढलं नाही अजून? भर सभेत ती विचारते की युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की मला? जो स्वतःच दास झाला त्याला मला पणाला लावायचा हक्क उरतो का? भीष्म म्हणतात, धर्म सूक्ष्म आहे, मला सांगता येत नाही. आपण शतकानुशतकं तिच्या या प्रश्नाला दाद देतो, द्यायलाच हवी.

पण त्याच डावात युधिष्ठिर त्याआधी हजारो दासी पणाला लावून हरलेला आहे. दागिने घातलेल्या, नाचगाण्यात तरबेज, असं त्यांचं वर्णन करून. त्या वेळी सभेत कुणालाही धर्म सूक्ष्म वाटला नाही. विकर्ण उठला नाही, विदुराला तो अधर्म दिसला नाही. आणि विदुर स्वतः दासीपुत्र!

कट्ट्यावरचा_बंड्या
चाफेकळीताई, चहा गार झाला पण प्रतिसाद कडक.

तंतुवाद्य
मिरजेहून. आमच्या बाजूनेही लिहायला हवं. कुराणातही गुलामगिरीवर सरसकट बंदी नाही. गुलाम मुक्त करणं हे प्रायश्चित्त आहे, पुण्य आहे, जकातीचा पैसा त्यासाठी वापरावा असं सांगितलंय. सूरह अल-बलदमध्ये अवघड घाट चढणं म्हणजे काय, तर मान जोखडातून सोडवणं, असं येतं. लहानपणी ती आयत ऐकून माझा ऊर भरून यायचा. मोठा झाल्यावर दासींच्या संबंधांना परवानगी देणाऱ्या आयती वाचल्या आणि झोप उडाली. मौलवींना विचारलं तर तेच उत्तर, हळूहळू संपवायची होती. पण सौदी अरेबियात बंदी आली १९६२ साली, मॉरिटानियात १९८१ साली. इतकं हळू? तरी दाराची दिशा त्या आयतीनेच दाखवली असं मी मानतो, आणि मानत राहीन.

दगडी_वेस
अवांतर: पण याच व्यवस्थेत इथिओपियातला विकला गेलेला मुलगा मलिक अंबर होऊन निजामशाहीचा कारभारी झाला, खडकी वसवली, मोगलांना दमवलं. अमेरिकेतल्या मळ्यावर हे शक्य नव्हतं.

ओवी
@दगडी_वेस, अंबर मोठाच. पण त्याच्याबरोबर जहाजात चढवलेल्या बाकीच्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. एक वजीर झाला म्हणून विकणं बरं ठरत नाही.

मांडवीतीर
गोंयच्यान. १४५२ साली पोप पाचव्या निकोलसने पोर्तुगालच्या राजाला मुसलमान आणि इतर परधर्मीय जिंकून कायमचे गुलाम करायची मुभा दिली. पुढे सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पिरार द लाव्हाल हा फ्रेंच प्रवासी जुन्या गोव्यात आला. तिथल्या मोठ्या रस्त्यावर स्त्री-पुरुष गुलाम विकायला उभे केलेले त्याने पाहिले आणि लिहून ठेवले. मी कॅथलिक. त्या भागातून चर्चला जाताना हे मनात येतंच. त्या विकणाऱ्यांना आपण देवाविरुद्ध वागतोय असं वाटत नव्हतं, ही गोष्ट मला सगळ्यात जास्त बोचते.

हडसनपार
अमेरिकेतून लिहितोय. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी खास बायबल छापलं गेलं. जुन्या करारातला बहुतेक भाग गाळून. मोशे लोकांना मिसरातून बाहेर काढतो, ती गोष्टच नाही! "दास नाही आणि स्वतंत्रही नाही, तुम्ही सर्व एकच आहात" हे गलतीकरांस पत्रातलं वचन गायब. "दासांनो, धन्याच्या आज्ञेत राहा" हे इफिसकरांस पत्रातलं वचन ठेवलेलं. मालकांना पुस्तकाची भीती वाटत होती. आणि ती बरोबर होती. पळून जाणाऱ्यांना वाट दाखवणाऱ्या हॅरिएट टबमनला लोक मोशेच म्हणत.

पारावरचा_वाचक
@हडसनपार, ही माहिती जबरदस्त आहे. पण अमेरिकेच्या दक्षिणेतल्या पाद्र्यांना काही कापावंही लागलं नाही. ते पूर्ण बायबल हातात घेऊन लेवीय २५ आणि उत्पत्तिमधला, नोहाने नातवाला दास होशील म्हणून दिलेला शाप वाचून दाखवत होते. गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी नेमावं की नाही, यावरून १८४५ साली दक्षिणेतले बाप्टिस्ट वेगळे झाले. त्यांच्या संघाने माफी मागितली १९९५ साली. दीडशे वर्षं! ज्या पुस्तकातून दोन्ही बाजूंना आधार मिळतो, त्या पुस्तकाबाहेरचं काहीतरी निवाडा करत असणार.

पुण्याची_पायवाट
ते "काहीतरी" जोतीरावांनी उघड सांगितलंय. १८७३च्या 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना आहे हे सगळ्यांना माहीत असतं. पण ते नास्तिक नव्हते, हे आपण विसरतो. निर्मिक त्यांनी मानला. ग्रंथ मानले नाहीत. निर्मिकाने सगळ्या स्त्री-पुरुषांना स्वतंत्र निर्माण केलंय, तेव्हा ज्या वचनात एक माणूस दुसऱ्याचा दास ठरतो ते वचन निर्मिकाचं असूच शकत नाही, ते कुणा स्वार्थी माणसाचं. देव न्यायी आहे म्हणून ग्रंथ तपासायचा. ग्रंथात आहे म्हणून अन्याय न्यायी ठरवायचा नाही. मूळ प्रश्नाला याहून सरळ उत्तर मला मिळालेलं नाही.

जुनी_वाडी
पण तपासणारी नजर तरी कुठून आली? पणजोबांना आपण माणूस आहोत हे कुणी सांगितलं? याच पुस्तकाने. बायबलमधल्या ईयोब या पुस्तकाच्या ३१व्या अध्यायात ईयोब म्हणतो, माझ्या दासाने किंवा दासीने माझ्याविरुद्ध दाद मागितली आणि मी ती धुडकावली, तर देव उठेल तेव्हा मी काय करू? ज्याने मला गर्भाशयात घडवलं त्यानेच त्यालाही घडवलं ना? फुल्यांचा निर्मिक आणि ईयोबाचा देव मला वेगळे वाटत नाहीत.

हडसनपार
"त्या काळी कुणाला सुचणं शक्य नव्हतं" याचा निकाल लावू. पहिल्या शतकातला अलेक्झांड्रियाचा फिलो सांगतो की एसीन पंथाच्या यहुद्यांमध्ये एकही गुलाम नव्हता, आणि गुलाम बाळगणं ते निसर्गाविरुद्धचा अन्याय मानत. चौथ्या शतकात निस्साचा बिशप ग्रेगरी बायबलमधल्या उपदेशक या पुस्तकावर बोलताना "मी दास-दासी विकत घेतल्या" या ओळीवर थांबतो आणि विचारतो: किती पैसे दिलेस? देवाच्या प्रतिरूपाची किंमत काय ठरवलीस? देव स्वतः मोकळ्या माणसाला गुलाम करत नाही, तू कोण? सुचलं होतं. ऐकलं नाही. चर्चमध्ये चाललं ते संत ऑगस्टीनचं, की गुलामगिरी हे पापाचं फळ आहे, सोसावं.

पारावरचा_वाचक
@जुनी_वाडी, मग सरळ विचारतो, उत्तर द्यायलाच हवं असं नाही. लेवीय २५मधलं "ते कायमचे तुमचे" हे वाक्य देव बोलला असं तुम्ही मानता का?

जुनी_वाडी
नाही. गुलामीतून सुटलेल्या लोकांना स्वतःचे गुलाम हवे झाले आणि त्यांनी ते देवाच्या तोंडी घातलं, असं मी मानतो. मंडळीत हे बोलणं सोपं नाही. युवकांच्या अभ्यासात आम्ही निर्गम घेतोय. २०व्या अध्यायावर थांबायचं ठरलं होतं. मी २१वा लावून धरला आहे आणि ओवीताईंची चौथी ओळ तिथे मांडणार आहे.

दगडी_वेस
पण एक ओळ माणसाची म्हटली की दुसरी देवाची कशावरून? पळालेल्या गुलामाला परत देऊ नको, ही देवाची, कारण ती आपल्याला आवडते? हा प्रश्न सुटल्याशिवाय माझं समाधान होणार नाही.

ओवी
@दगडी_वेस, जिचा तोटा बलवानाला होतो आणि जी लिहून लिहिणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही, ती ओळ मी जास्त विश्वासाने ऐकते. पुरावा नाही हा. पण पळालेल्या माणसाला परत न देण्यात लिहिणाऱ्याचा काय फायदा होता, सांगा.

रेवदंड्याची_आत्या
@हडसनपार, त्या ग्रेगरीवर वेगळा धागा काढा. मला ते प्रवचन पूर्ण वाचायचंय.